मुलाला पहिल्यांदाच सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झाला आहे, आता पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १९ वर्षांचा. सहा-सात महिन्यांपासून मित्रांना टाळतो, कॉलेज सुटलं, रात्ररात्र जागा असतो. मग "माझे विचार बाहेर ऐकू जातात", "लोक माझ्यावर पाळत ठेवतात" असं म्हणू लागला, एकटाच कुणाशी तरी बोलताना दिसू लागला. तीन आठवड्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. त्याला कानात ऐकू येणारे आवाज बरेच कमी झालेत, पण तो दिवसभर झोपतो आणि "मी बरा आहे, गोळ्या बंद करा" म्हणून हट्ट धरतो. आईवडिलांना विचारायचंय की गोळ्या किती दिवस द्यायच्या, शिक्षण पुन्हा होईल का, आमचं काही चुकलं का, आणि धाकट्या मुलीलाही हे होईल का.

आधी सरळ उत्तरं देतो. लक्षणं पूर्ण शमल्यानंतरही गोळ्या निदान एक ते दोन वर्षं लागतील. शिक्षण पुष्कळांना पुन्हा जमतं, मात्र आजार ओसरला की ते आपोआप सुरू होत नाही. त्याची तयारी आत्ता, याच महिन्यात सुरू करायची. तुमच्या संस्कारांमुळे किंवा रागावण्यामुळे हा आजार झालेला नाही. सायकोसिसमागे जन्मजात प्रवृत्ती, मेंदूची वाढ, झोप, ताण आणि काहींच्या बाबतीत गांजा असं बरंच काही एकत्र आलेलं असतं. धाकट्या मुलीबद्दल सांगायचं तर, सख्ख्या भावंडाला स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचा दीर्घकाळ चालणारा आजार) असेल तर तो होण्याची शक्यता शंभरात साधारण नऊ-दहा असते, एरवी ती शंभरात एकाच्या आसपास असते. म्हणजे दहांतल्या नऊ भावंडांना तो होत नाही. तुमच्या मुलाचं निदान अजून स्किझोफ्रेनियावर पक्कं झालेलंही नाही. तिच्यावर नजर ठेवत बसू नका. गांजापासून दूर राहायला तिला स्पष्ट सांगा आणि घरात काय चाललंय ते तिच्या वयाला समजेल असं मोकळेपणी बोला, कारण अशा घरात भावंडांकडे फार सहज दुर्लक्ष होतं.

आता वेळेबद्दल. सायकोसिसमध्ये पहिलं लक्षण दिसल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत गेलेल्या काळाचा पुढच्या प्रकृतीवर परिणाम होतो, आणि आपल्याला बदलता येण्यासारख्या थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे. अमेरिकेत ३४ केंद्रांवर ४०४ तरुण रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्यात हा काळ मध्यकाने (निम्म्या रुग्णांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ७४ आठवडे निघाला, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. नॉर्वेच्या रोगालांड भागात शाळा, डॉक्टर आणि वर्तमानपत्रांमधून सतत माहिती दिली गेली आणि कुणीही थेट फोन करू शकेल अशी पथकं नेमली. तिथे हा काळ मध्यकाने पाच आठवड्यांवर आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागांत तो सोळा आठवडे होता. पुढचे उपचार दोन्हीकडे सारखेच होते. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा लवकर शोधलेल्या गटात सुमारे ३१ टक्के लोक पूर्ण सावरलेले होते, दुसऱ्या गटात १५ टक्के. माहितीची मोहीम थांबल्यावर रोगालांडमध्येही लोक पुन्हा उशिरा येऊ लागले. तुमचे सहा महिने गेले हे खरं, पण त्यातले सुरुवातीचे महिने नुसत्या एकलकोंडेपणाचे होते आणि त्या वेळी हे ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड जातं. त्या हिशेबात आता अडकू नका. पुढची दोन-तीन वर्षं तुमच्या हातात आहेत.

तपासण्या झाल्या आहेत का ते एकदा विचारून घ्या. पहिल्या सायकोसिसला थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, रक्तातली साखर, बी-१२, एचआयव्ही, सिफिलिस आणि लघवीतले अमली पदार्थ एवढं तरी पाहतात. ताप, फिट्स, गोंधळलेपण जे तासातासाला कमीजास्त होतं, तोंडाच्या किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली, अचानक गप्प होऊन ताठरून बसणं, यांपैकी काही असेल तर मेंदूचा एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि पाठीतलं पाणी तपासणं टाळू नये. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते असा एक आजार २००७ मध्ये नीट वर्णन केला गेला. तो तरुणांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, हुबेहूब सायकोसिससारखा सुरू होतो आणि त्याचे उपचार अगदी वेगळे असतात. तो क्वचित आढळतो, पण चुकला तर महागात पडतो.

आजाराचं नाव लगेच पक्कं करा असा आग्रह मात्र डॉक्टरांकडे धरू नका. पहिल्या सहा महिन्यांत निदान बदलू शकतं. उपचारांची सुरुवात नावावर अडत नाही. गांज्यामुळे झालेल्या सायकोसिसचंही हेच. "नशेमुळे झालं, उतरलं की संपलं" असं धरून पुढची भेट रद्द करणं ही फार नेहमीची चूक आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींमध्ये अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) झालेला आढळला. त्यांचा पाठपुरावा इतरांइतकाच काटेकोर हवा.

औषधांकडे येतो. पहिल्या वेळी मेंदू औषधाला चांगला प्रतिसाद देतो आणि साइड इफेक्टही लवकर दाखवतो, म्हणून डोस कमी लागतो. रिस्पेरिडोन असेल तर साधारण १ मिलिग्रॅमने सुरुवात आणि बहुतेकांना २ ते ३ पुरतं. ओलान्झापिन ५ पासून १० पर्यंत, ॲरिपिप्राझोल ५ पासून १० ते १५ पर्यंत. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना संदर्भासाठी आहेत, घरी डोस बदलण्यासाठी नाहीत. सुधारणाही एका क्रमाने होते. झोप आणि घालमेल काही दिवसांत सावरते, आवाज दोन-तीन आठवड्यांत मागे हटतात, आणि पक्क्या बसलेल्या समजुती सगळ्यात शेवटी, कधी दोन-तीन महिन्यांनी, सैल पडतात. हा क्रम माहीत नसला की घरचे चौथ्या दिवशी घाबरतात, डोस वाढवला जातो, आठव्या दिवशी दुसरं औषध जोडलं जातं. महिन्याभरात तीन औषधं अर्धवट डोसमध्ये चालू असतात आणि कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. एक औषध, पुरेशा डोसमध्ये, चार ते सहा आठवडे, नियमित घेतलं गेलंय याची खात्री करून, हे आधी व्हायला हवं. दोन-तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर मात्र वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, बदलाचा विचार तेव्हाच करावा.

अशी दोन औषधं नीट वापरूनही लक्षणं हटली नाहीत तर क्लोझापिनबद्दल विचारा. पाचांतल्या एकाला तरी त्याची गरज पडते. त्यासाठी पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला करावी लागते, बद्धकोष्ठतेकडेही गंभीरपणे पाहावं लागतं, आणि या कटकटीमुळे ते वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. माझ्या मते तरुण रुग्णांवरचा हा सगळ्यात मोठा अन्याय आहे. इतर औषधं हरतात तिथे चालणारं ते एकमेव औषध आहे आणि त्यालाही लवकर दिल्याचा फायदा मिळतो.

तुमच्या मुलाची झोप. तीन आठवड्यांनंतरही तो दिवसभर झोपत असेल तर ते "औषध लागू पडतंय" याचं लक्षण समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना तास मोजून सांगा: रात्री किती, दिवसा किती. बहुधा पूर्ण डोस संध्याकाळी हलवून, सुरुवातीला दिलेली झोपेची किंवा शांत करणारी गोळी हळूहळू काढून, किंवा डोस थोडा उतरवून प्रश्न सुटतो. मुलगा गोळी सोडायला का निघालाय याचं निम्मं उत्तर या झोपेतच असण्याची शक्यता आहे.

आणखी तीन त्रास ओळखता यायला हवेत. पहिल्या काही दिवसांत मान किंवा जबडा आखडणं, डोळे वर चढणं, हे तरुण मुलांमध्ये जास्त होतं. दिसायला भयंकर असतं, पण इंजेक्शनने अर्ध्या-पाऊण तासात उतरतं. दुसरा त्रास जास्त फसवा. मुलाला एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या घालतो, पाय सारखे हलतात, "आतून कसंतरी होतंय" म्हणतो. याला आजार वाढला समजून डोस वाढवला की त्रास दुप्पट होतो, आणि या अवस्थेत आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. "आत मनात भीती वाटतेय की पायांना चैन नाही?" एवढं विचारलं तरी बरंच कळतं. तिसरा त्रास कुणी आपणहून सांगत नाही. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं, मुलींची पाळी थांबणं, छातीतून दूध येणं. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याने हे होतं, रक्तात तपासता येतं आणि औषध बदलून सुधारतं. डॉक्टरांनी एकांतात, थेट विचारलं पाहिजे. मूल मुकाट्याने गोळ्या बंद करतं तेव्हा कारण पुष्कळदा हेच निघतं. यांखेरीज, खूप ताप आणि अंग लाकडासारखं ताठ अशी जोडी दिसली तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचं.

वजनाचं गांभीर्य सहसा उशिरा कळतं. सगळ्यात जलद वाढ पहिल्या तीन महिन्यांत होते आणि एकदा चढलेलं वजन उतरवणं फार कठीण. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन, मग तीन महिन्यांनी, पुढे दर वर्षी. कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग वार्षिक. मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ झाली की थांबून विचार करायचा: औषध बदलता येतं का, मेटफॉर्मिन (मूळची मधुमेहावरची गोळी) जोडावं का. गोळ्यांनी तहान आणि भूक दोन्ही वाढतात, त्यामुळे गोड शीतपेयं घरात आणणं बंद करणं हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांचं आयुष्य सर्वसामान्यांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी कमी भरतं आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकाराचा आणि तंबाखूचा असतो. त्याची सुरुवात विशीतच होते.

गोळ्या कधी थांबवायच्या? पहिल्या सायकोसिसमधून बाहेर आलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा करणाऱ्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८२ टक्के लोकांचा आजार निदान एकदा उलटला, आणि गोळ्या थांबवल्यावर हा धोका जवळजवळ पाचपट झाला. दुसरीकडे, नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ज्यांचे डोस लवकर, पण देखरेखीखाली, कमी केले गेले त्यांच्यात आजार सुरुवातीला जास्त उलटला, तरी सात वर्षांनी रोजचं जगणं आणि कामकाज सावरलेल्यांचं प्रमाण त्यांच्यातच जास्त होतं. या दोन्हींतून मी घेतो तो अर्थ असा: जन्मभर गोळी हे ठरलेलं नाही आणि मनाने गोळी बंद करणं धोक्याचं आहे. किमान वर्षभर, शक्यतो दीड-दोन वर्षं पूर्ण बरं राहिल्यावर, परीक्षा, स्थलांतर किंवा नव्या नोकरीचा काळ टाळून, दर दोन-तीन महिन्यांनी थोडा थोडा डोस उतरवायचा. शेवटचे टप्पे सगळ्यात लहान ठेवायचे. आणि आजार उलटतो तो गोळी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. मध्ये आठवडे किंवा महिने जातात, त्यामुळे "दोन महिने झाले, काही झालं नाही, म्हणजे गोळीची गरजच नव्हती" हा निष्कर्ष माणसाला फसवतो.

"मी बरा आहे" म्हणणाऱ्या मुलाशी आजार मान्य करण्यावरून भांडू नका. त्याला आजार मान्य नसला तरी झोप न येणं, भीती, अभ्यासात लक्ष न लागणं हे मान्य असू शकतं. त्या धाग्यावर बोलायचं: "तुला पुन्हा नीट वाचता यायला हवंय ना? मग सहा महिने हे करून बघू, त्रास काय होतोय ते आपण दर आठवड्याला लिहू आणि डॉक्टरांकडून कमी करून घेऊ." रोजची गोळी जमत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे. ते शिक्षा म्हणून पुढे करायचं नाही. गोळीवरून रोजची कटकट संपते असं सांगितलं तर तरुण मुलं बऱ्याचदा स्वतःहून तयार होतात. अन्नात लपवून गोळी देऊ नका. विषप्रयोगाचा संशय असलेल्या मुलाला ते कळलं की पुढची कित्येक वर्षं विश्वास बसत नाही.

भ्रमाबद्दल बोलताना वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही. "कुणी पाळत ठेवत नाहीये, वेडेपणा करू नकोस" याने तो एकटा पडतो. "हो, मी पण बघितलं त्यांना" याने भ्रम पक्का होतो. "मला तसं दिसत नाही, पण तुला किती भीती वाटत असेल ते कळतंय. आत्ता काय केलं तर बरं वाटेल?" हे बोलणं टिकतं. घरातल्या सततच्या टीकेने, रागाने आणि श्वास घेऊ न देणाऱ्या काळजीनेही आजार लवकर उलटतो हे १९६०-७० च्या दशकांपासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून कुटुंबासोबतची सत्रं हा उपचाराचाच भाग आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती तीन महिने ते वर्षभरात किमान दहा व्हावीत, आणि मुलासोबतची वैयक्तिक विचार-वर्तन उपचारपद्धतीची सत्रं किमान सोळा. दोन सत्रांत "समुपदेशन झालं" असं म्हणणं म्हणजे प्रतिजैविकाचा एक दिवसाचा कोर्स घेण्यासारखं आहे.

आवाज गेल्यानंतरचे महिने जास्त कठीण असतात. मुलगा अंथरुणात पडून राहतो, अंघोळ टाळतो, बोलत नाही. घरात शब्द येतो "आळस". यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. औषधाची सुस्ती असेल तर ती डोसच्या वेळेशी जुळते. आजाराचाच भाग असलेली उत्साहहीनता असेल तर त्याला वाईटही वाटत नाही आणि चांगलंही नाही. नैराश्य असेल तर बोलण्यात लाज, पश्चात्ताप, "माझं आयुष्य संपलं" असं येतं. आणि लपून उरलेले आवाज असतील तर तो एकटाच पुटपुटतो, हेडफोन काढत नाही. नैराश्य शोधणं तातडीचं आहे, कारण आत्महत्येचा धोका पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतो, आणि तोही अनेकदा भानावर आल्यावर, आपल्यासोबत काय झालं ते कळल्यावर. "जगू नये असं वाटतं का?" हे थेट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. गोळ्यांचा साठा मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात ठेवा.

शिक्षणासाठी "आधी पूर्ण बरा होऊ दे" ही वाट बघणं नुकसान करतं. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलाचे मित्र पुढे निघून जातात आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. कामाच्या बाबतीत सगळ्यात चांगला अनुभव आहे तो थेट खऱ्या नोकरीत किंवा वर्गात जागा मिळवून देऊन, नंतर सोबत राहून आधार देण्याच्या पद्धतीचा. आधी वर्षभर "तयारी"चे वर्ग घेणाऱ्या पद्धती त्यामानाने कमी पडतात. लक्ष आणि अल्पकालीन स्मृती काही काळ कमजोर राहते, बुद्धी जात नाही. म्हणून पहिल्या सत्रात एक-दोनच विषय, २०-२५ मिनिटांच्या बैठका, ऐकताना लिहून घेण्याऐवजी आयत्या नोट्स, परीक्षेला जादा वेळ. कॉलेजात सगळ्यांना सांगायची गरज नाही, एका शिक्षकाला किंवा समुपदेशकाला मुलाच्या संमतीने सांगितलं तरी पुरतं. त्याच्या आधी घरात: उठण्याची एक वेळ, दिवसातून एकदा घराबाहेर, आठवड्यातून एकदा एक मित्र. जागतिक अभ्यासांच्या २०१७ मधल्या एकत्रित मांडणीत सरासरी सात वर्षांनी ३८ टक्के लोक लक्षणं आणि जगणं दोन्ही बाबतींत सावरलेले होते. लक्षणांपुरतं, सरासरी साडेपाच वर्षांनी, पाहिलं तर हे प्रमाण ५८ टक्के होतं. लक्षणं गेली तरी जगणं मागे राहतं ते या दोन आकड्यांमधल्या जागेत, आणि कॉलेज, काम, मैत्री यांवर लवकर मेहनत घेतली तर ती जागा कमी होते.

१९९२ मध्ये मेलबर्नमध्ये मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सायकोसिसच्या खास तरुण रुग्णांसाठी पथक उभं केलं. औषध, कुटुंब, शिक्षण हे सगळं एका पथकाकडे आणि प्रत्येक मुलामागे एक ठरलेला माणूस, हे त्यातलं मुख्य. पुढे डेन्मार्कमध्ये ५४७ रुग्णांवर अशाच सेवेचा अभ्यास झाला. दोन वर्षांनी फरक स्पष्ट होता, पण मुलं नेहमीच्या सेवेकडे परतल्यावर पाच वर्षांपर्यंत त्यातला बराचसा पुसला गेला. म्हणून दोन वर्षांवर थांबू नका, तीन ते पाच वर्षांचा विचार करा. असं पथक तुमच्या आवाक्यात नसेल तर ते घरून जुळवता येतं: एकच मानसोपचारतज्ज्ञ कायम ठेवा, एक मानसशास्त्रज्ञ जोडा, आणि घरातल्या एका व्यक्तीने वहीत तारखेनुसार औषध, डोस, वजन, झोप आणि तपासण्या लिहायच्या. डॉक्टर बदलावा लागला तर ती वही सोन्याच्या मोलाची ठरते.

मुलगा बरा असतानाच, त्याच्यासोबत बसून, आजार परत येण्याच्या खुणांचा एक कागद करा. तो आजारी पडण्याआधीच्या महिन्याभरात काय काय बदललं ते त्यालाच आठवायला सांगा. बहुतेकांचा क्रम दर वेळी सारखाच असतो आणि पहिलं नाव जवळजवळ नेहमी झोपेचं असतं. मग चिडचिड, फोन न उचलणं, एखाद्या विषयाचं वेड, आवाजांचा किंचित त्रास. कागदावर तीन गोष्टी लिहा: सलग दोन रात्री झोप चार तासांखाली गेली तर डॉक्टरांना फोन कुणी करायचा, गोळी किंवा डोसबद्दल आधीच ठरलेली सूचना काय आहे, आणि ॲडमिट व्हायची वेळ आली तर त्याला स्वतःला कुठे, कुणासोबत जायला आवडेल. कागदावर त्याची सही घ्या आणि एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावा.